लग्नाआधीची सही

मी, बर्निस कोवाल्चिक, वय सत्तर, राहणार टोलीडो, ओहायो, पूर्वी गाडीच्या काचांच्या कारखान्यात नोकरीला, हल्ली घरीच, पूर्ण शुद्धीत असून, कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्याच डोक्यात राग भरलेला आहे, पण त्याला दाखला लागत नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझा दुसरा नवरा लोवेल हचिन्स याला तो हयात असेपर्यंत त्यात राहू द्यावे. त्याने पुन्हा लग्न केल्यास नव्या बायकोकडे राहायला जावे. त्याच्यामागे घर माझा कैलासवासी भाऊ चेट याची मुलगी मार्गो हिला मिळावे. छपराची गळती लोवेलने दुरुस्त करायची आहे. लग्न झाल्यापासून तो "येत्या शनिवारी बघतो" म्हणतो आहे.

कलम २. काच उचलण्याच्या रबरी मुठी आणि माझी कापायची हत्यारे डॉट शिमान्स्की या मैत्रिणीला द्यावीत. तिला त्यांचा काही उपयोग नाही, पण ती सगळं पुसून जागच्या जागी ठेवील. लोवेलच्या हाती काहीही देऊ नये. माझ्या पटाशीने रंगाचे डबे उघडणारा माणूस आहे तो.

कलम ३. चेटची घटस्फोटित बायको डार्लीन हिला एक दिडकीही देऊ नये. तिने घ्यायचे ते घेतले आहे. कसे, ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मी आकसाने बोलते असे कोणी म्हणायला नको.

चेट आणि मी एकाच कारखान्यात होतो. कंपनीने पेन्शन बंद केली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये डोनट वाटले होते. टाय लावलेला एक पोरगा टेबलावर चढून म्हणाला, "आता तुमचं म्हातारपण तुमच्याच हातात!" पगारातून दरमहा पैसे कापून निवृत्तीच्या खात्यात टाका, थोडी भर कंपनी घालेल. त्यावर आज कर नाही, काढाल तेव्हा कर. साठीच्या आत हात लावलात तर करावर दंड, आणि त्र्याहत्तरीनंतर दरवर्षी ठरलेली रक्कम काढली नाहीत तरी दंड. पैसा आपला आणि धाक त्यांचा. आमच्या देशाने म्हातारपणाच्या या काठीला करकायद्यातल्या कलमाचा नंबरच नाव म्हणून दिला आहे, याचीसुद्धा मला किळस येते.

त्या दिवशी डोनट खाता खाता चेटने खात्याच्या कागदावर वारस म्हणून डार्लीनचे नाव लिहिले. पुढे ती त्याची मासेमारीची होडी घेऊन दुसऱ्याबरोबर निघून गेली. घटस्फोट झाला. चेटला कॅन्सर झाला तेव्हा मार्गोने नर्सिंगचे शिक्षण सोडून बापाचे सगळे केले, अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत. त्याने मृत्युपत्रात स्वच्छ लिहिले होते: सर्व काही मार्गोला. पण वारसाचा कागद बदलायचे त्याच्या डोक्यातच आले नाही, आणि या खात्यापुढे मृत्युपत्राचे काही चालत नाही. कागदावर ज्याचे नाव त्याचा पैसा. तो सगळा डार्लीनला गेला. तिने मार्गोला फुलांचे चित्र असलेले सांत्वनाचे कार्ड पाठवले. मी ते शेगडीत घातले.

कलम ४. आता माझे खाते. ते मार्गोला द्यायचे मी तेव्हाच ठरवले आणि मला वाटले, आपल्याला अडचण नाही. लोवेलने आणि मी लग्नाआधी वकिलासमोर करार केला होता: तुझं ते तुझं, माझं ते माझं. लोवेलनेच तो मोठ्याने वाचून दाखवला होता आणि सही करताना स्वतःच्या उदारपणावर खूश झाला होता. मी कंपनीला फोन लावला.

"बाई, तुमचं लग्न झालंय. म्हणजे पैसे नवऱ्यालाच जाणार," पलीकडची मुलगी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला द्यायचे तर त्यांनी नोटरीसमोर हक्क सोडायला हवा."

"अगं, त्याने सोडलाय. लग्नाच्या आधीच सही केलीय."

"लग्नाआधी ते तुमचे नवरे नव्हते ना! तेव्हा नवऱ्याचा हक्कच नव्हता, मग सोडला कुठला? ती सही नाही चालत."

फी घेणाऱ्या वकिलाला हे ठाऊक नव्हते. संध्याकाळी मी लोवेलसमोर नवा कागद ठेवला.

"पुन्हा कशाला सही?" तो म्हणाला.

"तीच आहे रे. तेव्हा दिलीस तीच दे."

त्याने कागद दोनदा वाचला. "कायदाच मला देतोय म्हटल्यावर मी नको कशाला म्हणू, बर्निस? आणि मार्गो काय तुझ्या पोटची आहे?"

याच माणसाला मी दर रविवारी सारण भरलेल्या पिरोगी करून वाढत होते. मला अन्न गोड लागेना.

मग मी दुसरा रस्ता धरला. वारस नेमायला नवऱ्याची सही लागते, पण माझ्या खात्यातून मीच पैसे काढायला आमच्या कंपनीच्या नियमात ती लागत नाही. एकदम काढले असते तर कराचा दर वर चढला असता, म्हणून तीन वर्षांत थोडे थोडे काढले. करापोटी पाचवा हिस्सा ते आधीच कापून घेतात, तोही सोसला. नवराबायकोचे करपत्रक एकच असते. मी ते दरवर्षी टेबलावर उघडे ठेवले. काढलेली रक्कम त्यात स्पष्ट होती. लोवेलने टीव्हीवरून नजर न काढता "कुठे करू?" विचारले आणि सही केली. ही सही मात्र चालते.

गेल्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला गेलो होतो, तेव्हा त्याला सांगितले.

"लोवेल, माझं खातं रिकामं आहे."

"रिकामं? पैसे गेले कुठे?"

"कर सरकारला. बाकीचे मार्गोच्या फीला. मे महिन्यात नर्स होतेय ती."

"मला न विचारता?"

"तुझ्या तीन सह्या आहेत."

"मी वाचलं नव्हतं गं!"

"लग्नाआधीचं वाचलं होतंस ना?"

त्याने मासा तसाच ठेवला. मी माझा संपवला.

कलम ५. सबब खात्याबाबत या मृत्युपत्रात वाटण्यासारखे काही उरलेले नाही. लग्नाआधीच्या कराराची मूळ प्रत लोवेलला द्यावी. त्यातली त्याची सही कायद्याला चालत नाही, पण मी ती पाळली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

बर्निस कोवाल्चिक

साक्षीदार: अर्ल ब्रुक्स, शेजारी
साक्षीदार: फिलिस नोवाक, चर्चच्या स्वयंपाकघरातली

टीप: लोवेल साक्षीदार व्हायला तयार होता. ज्याला काही मिळायचे आहे त्याची सही इथे चालत नाही, असे त्याला सांगितले. "मग माझी सही चालते तरी कुठे?" असे त्याने विचारले. छपराची गळती काढणाऱ्या माणसाच्या बिलावर, असे मी सांगितले.

टोलीडो, ओहायो
२४ मार्च २०२५