उन्हात ठेवलेली मोटर

बाबा,

माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती तुम्हाला सांगायची आहे. तुम्हालाच, कारण चूक मोटरीच्या बाबतीतली आहे आणि तुमच्या मुलीनं तरी ती करायला नको होती. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली. रिसोडच्या बसस्टँडमागचं आपलं मोटर वायंडिंगचं दुकान, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा तो डोक्यात चढणारा वास, हे सगळं पुण्यात बसून आठवलं की एरवी मला बरं वाटतं. या महिन्यात वाटत नाही. या महिन्यात तुमची आठवण आली की मान खाली जाते.

आधी मी काय काम करते ते सांगायला हवं. तुम्ही होतात तेव्हा फोनवर विचारायचात, "तू नेमकं काय करून राह्यली वं तिकडं?" आणि मी म्हणायचे, "कॉम्प्युटरचं." तेवढं एकच उत्तर घेऊन तुम्ही चहाच्या टपरीवर जायचात, आणि कुणीतरी म्हणायचं, "मंग आमचा टीव्ही पाह्यते का मिस्तरी तुमची पोरगी?" तुम्ही ते मला हसत हसत सांगायचात. तरी मी नीट समजावलं नाही. खरं म्हणजे कंटाळा करायचे. वाटायचं, यांना काय कळणार. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात. तर आता सांगते. आपला नेहमीचा कॅमेरा एकामागून एक फोटो काढत सुटतो, समोर काही घडो न घडो. आमच्या कॅमेऱ्याचं तसं नाही. त्यातला प्रत्येक ठिपका आपापल्या जागी गप्प बसलेला असतो. त्याच्यावरचा उजेड वाढला किंवा कमी झाला तरच तो बोलतो, मी उजळलो, मी अंधारलो, आणि कधी, तेही सेकंदाच्या दहालाखाव्या भागापर्यंत सांगतो. समोर नुसती भिंत असेल तर काहीच येत नाही. पंखा फिरायला लागला की एका सेकंदात लाखो नोंदी येतात. त्याला इव्हेंट कॅमेरा म्हणतात. या नोंदी नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत, म्हणून त्या रंगांत मांडून दाखवणारं, हळू करून दाखवणारं, कुठला ठिपका सेकंदाला किती वेळा हलला ते मोजून देणारं एक सॉफ्टवेअर लागतं. ते आम्ही पाच-सहा जण मिळून बनवतो. नोकरी वेगळी, हे सुट्टीतलं काम. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलोही नाही.

आणि हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. म्हणजे ते कुणीही फुकट घ्यावं, आत कसं चालतं ते उघडून पाहावं, खोट सापडली तर सगळ्यांना दिसेल अशा पानावर लिहावं. तुम्ही मोटर खोललीत की तिचे भाग गिऱ्हाइकासमोर टेबलावर पसरून ठेवायचात, जळकी तार त्याच्या हातात द्यायचात, आणि म्हणायचात, "पाहून घ्या, मांगून बोलू नका." आमचं तसंच आहे. निदान मी नव्या लोकांना तसं सांगत असते.

या सॉफ्टवेअरमध्ये मी दिव्यांसाठी एक गाळणी लिहिली. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास सायकलची, आणि प्रत्येक सायकलला ती दोनदा चढते-उतरते, त्यामुळे तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. आपल्या डोळ्यांना कळत नाही, त्या कॅमेऱ्याला कळतं. खोलीत दिवा लावला की पडद्यावर नुसता कचरा उसळतो. मग मी असं केलं की सेकंदाला बरोबर शंभर वेळा जे काही हलतंय ते दिव्याचं समजून काढून टाकायचं. पडदा कसा लख्ख झाला! मी इतकी खूश झाले की ती गाळणी सगळ्यांसाठी आपोआप सुरूच ठेवली. ज्याला नको त्यानं बंद करावी. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं.

दिव्याचा हा खेळ मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवला होतात. मी नववीत आहे, तुमचा डबा घेऊन दुकानात आले आहे. बाहेर आभाळ भरून आलंय म्हणून तुम्ही ट्यूबलाइट लावली आहे आणि टेबलावर नुकतीच बांधलेली मोटर चालू आहे. तिच्या शाफ्टवरची खाच मला थांबलेली दिसते, अगदी सावकाश, आळसावून सरकल्यासारखी. मी बोट पुढे करते. तुमचा फटका मनगटावर इतक्या जोरात बसतो की डबा खाली पडतो आणि पिठलं फरशीवर. "काहून वं! बोटं गमवाची हायेत का तुले? थे थांबली नाई, फिरून राह्यली!" मी रडते. तुम्ही मोटर बंद करता, पिठलं पुसता, आणि ढग सरल्यावर तीच मोटर मला दाखवायला ओढत दुकानाबाहेर आणता. उन्हात ती खाच दिसतसुद्धा नाही, इतक्या वेगानं फिरते. "दिव्याच्या भरवशावर मोटर पाहाची नाई," तुम्ही म्हणता. "उन्हात आणाची, आन् अंगाले हात लावून पाहाची." मग माझा तळवा मोटरच्या अंगावर ठेवता. तिच्यातून एक बारीक थरथर येते. चांगली मोटर कशी थरथरते आणि आतून ढिली झालेली कशी घुमते, हे त्या वर्षभरात तुम्ही मला कितीतरी मोटरींवर हात ठेवायला लावून शिकवलंत. ते घुमणंही सेकंदाला शंभर वेळाच असतं, कारण आतलं लोखंड विजेच्या प्रत्येक सायकलला दोनदा ओढलं जातं. हे मी पुढे पुस्तकात वाचलं, पण हाताला ते आधीच माहीत होतं.

आणि तरी मी शिरपूरच्या त्या काकांच्या मोटरीचं काय केलं! मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत आले होते. काकांनी विहिरीवरची मोटर जीपमध्ये घालून आणली होती. "सांगा बाप्पा मिस्तरी लवकर, गहू सुकून राह्यला," ते म्हणाले. तुम्ही मोटर चालू केली, हात लावला, डोळे मिटले. "घुमून राह्यली हे. खोला लागन." मी नवं मीटर घेऊन उभीच होते. तिन्ही फेजचा करंट मोजला, इन्सुलेशन पाहिलं, आणि गिऱ्हाइकासमोर, तोंडी परीक्षेत बोलावं तशा छापील मराठीत म्हणाले, "बाबा, असं अंदाजानं सांगू नका. मोटरला काहीही झालेलं नाही." उंटावरचा शहाणा म्हणतात ना, तशी होते मी. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं आता बोलणं बसणार. पण तुम्ही काकांना म्हणालात, "पोरीनं मीटर लावून पाह्यलं ना. घेऊन जा मंग." आणि तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुक होतं.

आठ दिवसांनी ते काका परत आले. मोटर जळली होती, गव्हाचं एक पाणी चुकलं होतं. मी आतल्या खोलीत होते आणि सगळं ऐकू येत होतं. "तुमच्या पोरीनं त सांगतलं होतं का काई झालं नाई म्हून!" तुमचा आवाज चढला नाही. "मिस्तरी मी हाय. हात माहा होता, चूक माही हाय. पोरीनं नुसतं मीटर धरलं." तुम्ही त्यांना दुकानातली तुमची जादाची मोटर दिलीत, स्वतः जीपमध्ये बसून त्यांच्या विहिरीवर ती बसवून आलात. मी बाहेर आले नाही. दार लोटलेलं होतं, दोन पावलांवर तुम्ही होतात, आणि मी मूग गिळून खाटेवर बसून राहिले. संध्याकाळी जेवताना तुम्ही विषय काढला नाहीत, म्हणून मीही काढला नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. ते तसंच राहिलं.

आता या हिवाळ्यातलं सांगते. आमच्या सॉफ्टवेअरच्या पानावर कुठल्याशा कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं तक्रार लिहिली. तिचा प्रकल्प असा होता की इव्हेंट कॅमेऱ्यानं मोटरीची थरथर पाहायची आणि बिघाड आधीच ओळखायचा. तिनं लिहिलं होतं की प्रयोगशाळेतले एक जुने मदतनीस मोटरला हात लावून ती खराब आहे म्हणतात, तिलाही हाताला तसंच लागतं, पण सॉफ्टवेअरमध्ये मोटर अगदी शांत दिसते. आपलं काय चुकतंय? मी तिच्या पहिल्या चार ओळी वाचल्या आणि उत्तर ठोकलं. 'हाताच्या अंदाजाला पुरावा म्हणत नाहीत. सॉफ्टवेअर बरोबर आहे. दिव्यांची व्यवस्था नीट करा.' आणि तक्रार बंद करून टाकली. दोघातिघांनी माझ्या उत्तराला अंगठासुद्धा दिला. मी कामाला लागले.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपासमोर मी सहज कॅमेरा ठेवला. दुपारची वेळ होती, पंप उघड्यावर आहे. सवयीनं त्याच्या अंगाला हात लावला तर तो घुमत होता, चांगला दणकून. पडद्यावर मात्र काही नाही. मी दोनदा कॅमेरा तपासला, वायर तपासली. मग एकदम माझी गाळणी आठवली. ती बंद केली, आणि शंभरच्या आकड्यावर एक उंच रेघ उभी राहिली. म्हणजे माझी गाळणी दिव्याबरोबर मोटरीचं घुमणंही फेकून देत होती. जगातल्या कुणी ही चूक केली असती तर मी समजून घेतलं असतं. मोटरवर हात ठेवून मोठी झालेल्या बाईनं ती करावी, याला काय म्हणायचं?

मी धावत घरी येऊन त्या मुलीची बंद केलेली तक्रार उघडली. या वेळी शेवटपर्यंत वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीत तिनं लिहिलं होतं की दिव्याची शंका नको म्हणून आम्ही मोटर आवारात आणून उन्हात ठेवली आणि मग चित्रण केलं. उन्हात, बाबा. एवढी एक ओळ मी वाचली असती तरी पुरे होतं. माझ्या उत्तराखाली पंधरा दिवसांनी तिनं आणखी लिहिलं होतं, तेही मी पाहिलं नव्हतं. 'तुमचा वेळ घेतला, माफ करा. सरांनी तो भाग अहवालातून काढायला सांगितला, मी काढला आहे. मदतनीस काकांनाही सांगितलं की आपला अंदाज चुकला.' तिची शेवटची परीक्षा उन्हाळ्यात आहे. तो भाग परत घालायला अजून वेळ आहे. पण तिला कुणी सांगितलं तर.

आणि मी काय केलं? गाळणी आपोआप सुरू होणार नाही अशी दुरुस्ती त्याच दिवशी केली. आमच्यात रीत आहे की दुरुस्ती केली की सोबत लिहायचं, खोट काय होती, कुणाच्या हातची होती, कुणी दाखवून दिली. मी ही रीत न पाळणाऱ्यांना चांगली झापते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी स्वतः लिहिलं, 'किरकोळ साफसफाई.' दोन शब्द, आणि ते लिहिताना मला ठाऊक होतं मी काय करते आहे. वाटलं, इतकी माणसं माझ्या शब्दावर विसंबून आहेत, आता कुठं बभ्रा करायचा. तिची तक्रार अजून बंद आहे, तिच्याखाली माझं ते उद्धट वाक्य अजून आहे, आणि कुठल्याशा प्रयोगशाळेत एक म्हातारा माणूस मोटरीला हात लावताना आता बिचकत असेल. एक महिना झाला. मी रोज ते पान उघडते आणि मिटते. तुमच्या वेळी मी दाराआड निदान विशीची पोर होते. आता केस पांढरे व्हायला लागलेत आणि दार तसंच लोटलेलं आहे.

या पत्राला पत्ता नाही, ते कुठं जायचंही नाही. खरं सांगू का बाबा, आज सकाळी मी लिहायला बसले होते ते त्या मुलीला. तीन ओळींचं काम होतं. आता दुपार कलली, आणि लिहून झालंय ते हे.