डोंगरात घर, अंगणात व्हॅन

१२ मार्च

धुरांडं ओढतंय! सकाळी बदामाच्या काटक्या पेटवल्या आणि धूर घरात न कोंडता सरळ वर गेला. धावत बाहेर आले, मान वर करून पाहिलं — टेकडीच्या डोक्यावर आमचं पांढरं धुरांडं झकास धूर सोडतंय. आता खालच्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही कळेल की या गुहेत माणसं राहतात.

माणसं म्हणजे मी. माझा नवरा एमलिन अजून अंगणात, व्हॅनमध्येच झोपतो.

१५ मार्च

स्वयंपाकघरातलं फडताळ पूर्ण झालं. लाकडाचं नाही, भिंतीतच कोरलेलं! तीन कप्पे, कडा अशा गोल की बोट फिरवत बसावं. सगळं एमलिनच्या हातचं. आमच्यासारखे परदेशातून आलेले बाकीचे लोक गवंडी बोलावतात, मग त्याच्या नावाने खडे फोडतात. आमच्याकडे तो प्रश्नच नाही. कोळशाच्या खाणीत जन्म गेलेल्या माणसाला कुदळ कशी धरायची हे कुणी शिकवायला नको.

वेल्समधल्या आमच्या गल्लीने आम्हाला वेड्यात काढलं होतं. ‘जन्मभर जमिनीखाली राबलास ते कमी पडलं का, म्हणून म्हातारपणी पुन्हा जमिनीखाली निघालास?’ एमलिन म्हणाला, ‘पण इथे बाहेर आलं की ऊन आहे.’ सगळे हसले. मीही हसले. आत काम करणं वेगळं आणि आत डोळे मिटणं वेगळं, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

१७ मार्च

काल त्याने आत झोपायचा पुन्हा प्रयत्न केला. दिवा मालवला, आडवा झाला. मग उठला, उशी काखोटीला मारली आणि गेला.

सकाळी चहा देताना विचारलंच, ‘भीती वाटते का तुला?’

‘भीती कसली? एकच वाट आहे.’

‘अरे, घराला एकच दार असतं!’

‘खाणीला दोन वाटा लागतात. एक ढासळली तर दुसरीने निघता येतं. दुसरी वाट नसेल तिथे आम्ही जेवणाचा डबासुद्धा उघडायचो नाही, ग्लेनिस.’

चहा संपवून पुन्हा कामाला. दिवसभर आत वाकून काम करतो, शीळ घालतो, आणि अंधार पडला की पाहुण्यासारखा निघून जातो. मला रागच आला. एवढं सुंदर घर आणि मी त्यात एकटी!

२० मार्च

आम्पारो येऊन गेली. आमची शेजारीण, ऐंशी ओलांडलेली विधवा. तिची गुहा आमच्याच टेकडीत, मागच्या अंगाला. परतलेल्या पावाच्या चुऱ्याचं मोठं ताट घेऊन आली, वर मिरच्या आणि सॉसेज. ताट ठेवलं आणि खुर्ची ओढून चौकशीलाच बसली.

‘काय गं पोरी, काय केलंस नवऱ्याला?’

मी पासष्टीची, पण तिला मी पोरच.

‘काही नाही केलं.’

‘मग बाहेर का झोपतो? गावात बायका म्हणतात, वेल्सवालीने हाकललं. माझा नवरा पाको, देव त्याला सुखात ठेवो, जन्मात एकदाच बाहेर झोपला. का ते सगळ्यांना ठाऊक आहे, ती बाई अजून जिवंत आहे.’

मग खरं सांगावंच लागलं. खाण, दोन वाटा, सगळं. तिने तोंडाला ॲप्रनचं टोक लावलं आणि हसत सुटली.

‘पुरुषाला घरातून पळायला एक दार पुरत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं!’

एमलिन ताटातलं खात होता. त्याला इथली भाषा म्हणजे पाव, वाइन, चुना आणि आभार. तोही तिच्याबरोबर हसला.

११ एप्रिल

आम्पारोचा मुलगा फर्मिन ग्रानादा शहरातून आला होता. तिच्या अंगणातलं बोलणं इथवर ऐकू येत होतं.

‘आई, आत पडलीस तर? या भिंती आवाज गिळतात. ओरडलीस तर कुत्र्यालासुद्धा कळणार नाही.’

‘मग नाही पडत.’

‘द्राक्षं उतरली की माझ्याकडे यायचं. खोली तयार आहे.’

‘चौथ्या मजल्यावर? मी काय कबूतर आहे?’

वाईट माणूस नाही तो. जाताना मला म्हणाला, ‘बाई, जरा लक्ष ठेवा.’ त्याचे डोळे भरले होते. मी ठेवते लक्ष, पण दोन दारांमध्ये पायऱ्या उतरा, रस्ता चाला, पुन्हा पायऱ्या चढा. दोन घरं पाठीला पाठ लावून, आणि जायचं मात्र टेकडीला वळसा घालून.

३ मे

आज दोघांनी बसून ठरवलं. ऑगस्टच्या जत्रेपर्यंत एमलिन आत झोपला नाही तर घर विकायचं. तोच म्हणाला, ‘तू आत, मी बाहेर — याला संसार म्हणत नाहीत.’ खरंच आहे. होकार दिला आणि भांडी घासताना रडले. या घराची माती माझ्या नखांत आहे. मला हे घर हवंय आणि हा माणूसही, एकाच छपराखाली. फार मागतेय का मी?

४ मे

एमलिनने मागच्या भिंतीत कोठीची खोली खोदायला घेतली. ‘विकायचं तर एक खोली जास्त असलेली बरी,’ म्हणाला. मी बादली आपटून बाहेर गेले.

२२ मे

राग धरायचं ठरवलं होतं, पण कोठी पाहिली आणि विसरले. काय हात आहे या माणसाचा! छताला अशी कमान दिलीय की आधाराची गरज नाही. माती बादलीने मी बाहेर काढते. आतून पांढरी व्हावी म्हणून चुनाही भिजत घातला. घेणाऱ्याचं नशीब थोर, दुसरं काय!

६ जून

अरे देवा!

दुपारी मी अंगणात चाळण धूत होते. आतून आधी दोनदा ठकठक, मग धाडकन आवाज, मग बाईची किंकाळी. धावले. कोठीत धुळीचा लोट, आणि धुळीपलीकडे उजेड — आम्पारोचं स्वयंपाकघर! एमलिनची कुदळ आरपार गेली होती. भोकातून त्याचं डोकं पलीकडे, आणि समोर आम्पारो, हातात पळी.

‘माझे हरभरे! पातेलंभर हरभऱ्यात माती! रानडुक्कर परवडलं!’

मी भोकातूनच माफी मागितली, हजारदा. मग एमलिनला धरलं. ‘उभा जन्म खाणीत काढलास, आणि भिंत कुठे संपते ते कळलं नाही?’

‘चुकलं,’ म्हणाला. डोकं खाली. केसांत इतकी माती की शरम दिसत होती की नाही, तेही कळेना.

७ जून

बातमी फर्मिनपर्यंत पोचलीच. सकाळी सकाळी हजर. असा लाल झालेला माणूस मी पाहिला नव्हता. ही वाटणीची भिंत, हिच्यापायी त्याच्या आजोबांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, मेल्यावरसुद्धा खांदा दिला नाही! आजच्या आज विटा लावा, नाहीतर वकील.

एमलिन टोपी हातात धरून उभा. मी म्हटलं, विटा लावतो, आमच्या खर्चाने.

तेव्हा आम्पारो भोकाच्या पलीकडून म्हणाली, ‘विटा कशाला?’

‘आई!’

‘भिंत माझी, भोक माझं. तुझ्या नावावर अजून काही केलेलं नाही मी. दार लावा. मी पडले तर हा रेडा दोन पावलांत येईल. तुझ्या चौथ्या मजल्यावर दिवसभर कोण येणार होतं? तू कामावर, सून कामावर. लिफ्ट येणार होती का मला उचलायला?’

फर्मिनने भोकातून वाकून आमची कोठी पाहिली, कमानीवरून हात फिरवला.

‘कडी आईच्या बाजूला,’ म्हणाला.

‘दोन्ही बाजूंना,’ आम्पारो म्हणाली. ‘मीही जाईन की कधी, वेल्सवालीचा चहा प्यायला. वाईट करते, पण करते.’

मी चहा वाईट करते?

१४ जून

दार बसलं. एमलिनने जुन्या गोठ्याची फळकुटं तासून केलं. एकदा उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. पलीकडे जाऊन आम्पारोच्या पुढच्या दाराने बाहेर पडला, टेकडीला वळसा घातला आणि आमच्या पुढच्या दाराने आत आला. हात धुतले आणि जेवायला बसला.

१५ जून

झोपला! आत, माझ्या शेजारी, उजाडेपर्यंत! आणि घोरणं — ते वेल्सला ऐकू गेलं असेल. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि जन्मात इतकं बरं वाटलेलं नाही.

२८ जून

दोन्ही घरांना चुना दिला. आम्पारो खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर दोन धुरांडी, एकच पांढरी शुभ्र टेकडी. जाणाऱ्या बसमधल्या बाईने हात हलवला. मी राणीसारखा परत हलवला.

फर्मिन जेवून गेला. द्राक्षांचं, आईला नेण्याचं नाव काढलं नाही. एमलिनला व्हॅन विकतोस का विचारलं, कोंबड्यांसाठी. एमलिन म्हणाला, घेऊन जा.

३ जुलै

आज आम्पारोकडे हरभरे निवडत बसलो होतो. सहज म्हणाली, ‘पोरी, नवऱ्याला तुझ्या भाषेत नीट समजाव. तीनदा ठोकायचं ठरलं होतं. मी पातेलं उचलणार, मग त्याने घाव घालायचा. मेल्याने दोनदाच ठोकलं.’

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. ‘ठरलं होतं? कुणाचं?’

‘आमचं. बोटांनी, खुणांनी. फर्मिनने विचारून भिंत दिली असती होय? आणि तुला सांगायची सोय नाही. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.’

आणि मी त्या माणसाच्या वतीने भोकातून हजारदा माफी मागितली!