जुनी ठेवू की नवी?

५ मार्च
आलो एकदाचे! मी, माझी पाच वर्षांची छकुली, ढीगभर खोकी आणि एक कुंडी. कारखान्याच्या वसाहतीतलं हे क्वार्टर म्हणजे चंगळच आहे. भरपूर उजेड, आणि गॅलरी छकुलीने आल्याआल्या बळकावली. फाटकावरचे वॉचमनकाका एका पायाने लंगडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खेचतात. मला म्हणाले, कॉम्प्युटरवाल्या बाई आल्या, आता तरी लिफ्ट आमचं ऐकेल. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी लगेच खोक्यांवरून भांडण काढलं. मजा येणार!

काम सोपं आहे. इथली दारं, दिवे, पंप, लिफ्ट सगळं लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालतं, प्रत्येक इमारतीला एक सर्व्हर. आवृत्ती जुनीपुराणी, ती एकेक करून नवी करायची. या मोठ्या अपग्रेडला लोक उगाच टरकतात. मी नाही टरकत.

८ मार्च
फाटकाचा सर्व्हर नवा झाला. अपग्रेड मध्येच थांबून विचारतं, या फाईलमध्ये कुणीतरी हाताने बदल केलेत, जुनी ठेवू की मूळची नवी घेऊ? शहाणा माणूस प्रत्येक फाईल उघडून बघतो. पण माझ्या आधीच्या माणसाने इतकी ठिगळं लावलीत की माझं डोकंच उठलं. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लावून टाकलं: नवी. एकही चूक न येता काम फत्ते! साहेब खूश. बाकीच्या इमारतींनाही तेच उत्तर आणि तारखा लावून ठेवल्या, म्हणजे आपोआप होत राहील.

९ मार्च
वॉचमनकाका आज सरळ चालत होते. मी म्हटलं, अरे वा, पाय बरा झाला की! तर म्हणाले, माझ्या पायाला कधीच काही नव्हतं. ना थट्टा, ना हसू. आपलं स्वागत आहे, एवढंच म्हणाले. सकाळी सकाळी बिनसलं असेल कशावरून तरी.

११ मार्च
समोरची इमारत काल झाली. काकूंच्या गालावर भाजल्याचा व्रण होता, तो नाही. असा एका दिवसात जातो व्रण? मी मुद्दाम त्यांच्या दारात कचरा सांडला. भांडा ना काकू, घाला शिव्या! त्या म्हणाल्या, आपलं स्वागत आहे. मागून त्यांचे यजमान आले आणि त्याच सुरात तेच म्हणाले.

जन्मल्यापासून माणसाला जे जे झालं, ते सगळं पुसलं जातंय. त्या फाईलींसारखंच. माझ्या उत्तराने.

१२ मार्च
साहेबांकडे धावत गेले. थांबवा म्हटलं. ते गोड हसून म्हणाले, आमच्या बंगल्याचंही झालं, फार हलकं वाटतंय. सर्व्हरच्या खोलीचं दार माझं कार्ड घेत नाही. उद्या दुपारी आमची इमारत. तारीख मीच लावलीय, मीच, मूर्ख बाईने. छकुली आत गाणं म्हणतेय, स्वतःच जुळवलेलं. ते जाईल. ती जाईल.

१३ मार्च, सकाळ
तिला कडेवर घेऊन निघाले. फाटक उघडेना. वॉचमनकाका शांतपणे म्हणाले, अपग्रेड पुरं झालं की उघडेल. गज हलवले, ओरडले, हात जोडले. छकुली विचारतेय, आई तू का रडतेस. काय सांगू तिला —

दुपार
घरी परत आलो. दिवे गेले. पंप बंद. दाराशेजारी कार्ड लावायची छोटी स्क्रीन आहे, तिच्यावर अक्षरं आली —

या घरात दोन बदललेली माणसं. एकच जुनं ठेवता येईल. आई की मुलगी?

मुलगी दाबलं. विचारसुद्धा केला नाही. घेतलं त्याने! छकुली आहे तशीच राहणार. सुटले गं बाई, सुटले.

आता मी — बोटं बधिर झालीत. माझ्या आईचा चेहरा आठवत नाही —

बाई, हे वाचणारी तू मीच असशील. ही मुलगी तुझी आहे. छकुली म्हणायचं तिला. झोपताना तिला तुझा कान धरू दे, झटकू नकोस. आभाळ गडगडलं की पलंगाखाली शिरते. ओढून काढू नकोस, तूही आत जा. जवळ घे आणि सांग, घाबरू नकोस, मी आहे ना, मी तुझी —