सगळ्यांचेच गुडघे

प्रिय कुमुदकाकू,

तुम्ही गेल्यावर कम्युनिटी सेंटरवाल्यांनी तुमची फाइल माझ्या हातात ठेवली. अहवाल आता मी पुरा करायचा म्हणे. मी, ज्याने इंजिनिअरिंगही पुरं केलं नाही. त्यातलं एक पान तुम्हाला सांगितल्याशिवाय लिहवत नाही.

मी कॅनडातल्या या केंब्रिजला आठवडाभरच राहणार होतो, आठवतं? सफरचंदं तोडायचा सीझन संपला होता, पुढे व्हँकुव्हर बघायचं होतं. तुमच्या बेसमेंटमध्ये उतरलो आणि तुम्हाला नाही नाही ते विचारत बसलो. तुम्ही म्हणालात, "एवढा भोचक आहेस, तर जरा पद्धतशीर भोचकपणा कर."

मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना तुम्ही शनिवारी इंग्रजी शिकवायचात. थंडीत ते वर्गातून का गळतात, हे शोधायचं होतं. "आणि तपासायचं ते आपलं शिकवणं हं, त्यांना नाही," असंही बजावलंत.

वही घेऊन घरोघर फिरलो. प्रत्येक घरी सूनबाई चहा घेऊन शेजारी बसायची. प्रत्येक घरी एकच उत्तर, "गुडघे रे बाबा."

"सगळ्यांचे एकदम?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "बघ अजून."

म्हणून भालेराव आजोबांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला गेलो. मध्येच खारीच्या पावलांचे ठसे बघत बसलो. इथल्या खारी थंडीभर झोपत नाहीत, तुम्हाला माहीत होतं? असो. आजोबा कानटोपी चढवून बाहेर आले आणि माझ्याहून जोरात बर्फ उपसायला लागले.

"आजोबा, गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? रेल्वेत फोरमन होतो मी, साठ माणसं हाताखाली. इथे फळ्यापाशी उभं राहून चुकतोय, नि सूनबाई मागच्या बाकावर हसू दाबतेय. कशाला येऊ?"

सुनांना वर्गात बसवायची कल्पना तुमची. घरीही सराव होईल म्हणून. त्यांच्यासाठी पोहे करून आणायचात. किती खूश होतात तुम्ही. मला खरं सांगवेना. "गुडघेच," मी सांगितलं.

मग बस सेंटरच्या दारापर्यंत यावी म्हणून तुम्ही फोनवर फोन केलेत. आजारी पडेपर्यंत करत होतात. काकू, तुम्हाला माझं खोटं कळलं होतं का? कळलं होतं, तर विचारलं का नाहीत?

थोडा रागही आहे तुमच्यावर. वहीतली कच्ची नोंद खोडू नये, हे शिकवलंत. आपल्या माणसाला त्याची चूक कशी सांगावी, हे कुठे शिकवलंत?

या शनिवारी सुनांना शेजारच्या खोलीत बसवतोय. अहवालात आजोबांचं नाव येणार नाही. सुनांची कल्पना तुमची, म्हणून तुमचं येईल, आणि त्याखाली मी तुम्हाला काय सांगितलं तेही येईल. लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील, याची धास्ती वाटते. तरी लिहीन.

शुक्रवारी आजोबांना एकटं गाठून विचारेन, येता का. नाही म्हणाले तर का, तेही विचारेन. आणि जे ऐकेन तेच लिहीन, काकू. एवढं वचन घ्या.

तुमचा,
निखिल