मधल्या फोनचं मौन

तीर्थस्वरूप थोरल्या आत्यास,

तुझ्या पेंग्याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर तिथेच डोळा लागू नये म्हणून लगेच उठलो आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी उजवा दुखत होता आणि डावा त्याला सांभाळून घेत होता, आता डाव्यानंही हात टेकले असं कानावर आलं. मोतीबिंदूचं काय ठरलं? काका अजून जेवल्यावर 'पाचच मिनिटं' म्हणून आडवे होतात आणि थेट चहाला उठतात ना? तसं असेल तर तुमच्याकडे सगळं ठीक आहे असं मी धरून चालतो. माझी तब्येत उत्तम. झोप भरपूर लागते, कधी कधी नको तिथेही लागते, आणि या पत्राचा निम्मा भाग त्याबद्दलच आहे. फोन करायचा सोडून हा पत्र का लिहीत बसला असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं शेवटी सांगतो, तोवर चष्मा काढू नकोस.

गेल्या खेपेस तू शेजारच्या काकूंना 'हा मोबाईल दुरुस्त करतो' अशी माझी ओळख करून दिलीस आणि त्यांनी लगेच बटण अडकलेला फोन माझ्या हातात ठेवला. तो मी दुरुस्त केला (करताना दुसरं एक बटण अडकलं, ते त्यांना अजून कळलेलं दिसत नाही), पण माझं काम ते नव्हे. आमचं काम असं की जिथे टॉवर पोचत नाही, म्हणजे तळघर, बोगदा, जाड भिंतींची गोदामं, तिथला फोन बोलता करायचा. तो कसा? तर वाटेत दुसरा एक फोन उभा असतो. तो खालचा निरोप वर नेतो आणि वरचा खाली आणतो. त्या मधल्या फोनला रिले म्हणतात. आता गंमत ऐक. निरोप कोणत्या वाटेनं न्यायचा, त्याचे केवढे तुकडे करायचे, हरवला तर किती वेळा पुन्हा पाठवायचा, हे सगळं ठरवून देणार टॉवर. पण टॉवरनं सांगायचं तर आधी ओळख हवी, ओळख व्हायची तर पहिला नमस्कार पोचायला हवा, आणि नमस्कार पोचायचा तर वाट हवी. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. (माझ्या लग्नाचा विषय इथे काढू नकोस, हे नुसतं उदाहरण आहे.) म्हणून पहिल्या नमस्कारापुरती एक साधी वाट दोन्ही फोनांना जन्मतःच ठाऊक असावी लागते. कुणी कुणाला विचारायचं नाही, हुकमाची वाट बघायची नाही. तिला आम्ही डिफॉल्ट बेअरर म्हणतो. पुढे ओळख वाढली की टॉवर त्यात हवे ते बदल करतो. आणि मधल्या फोनला शिस्त एकच, निरोप उघडून बघायचा नाही, जसा आला तसा पुढे द्यायचा.

तर हे तपासायला मला बाजाराच्या इमारतीखाली बसवलं आहे. खाली गाड्या लावायचे दोन मजले आहेत. त्यातल्या तळच्या मजल्यावर, पंपाच्या खोलीशेजारी एक प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर मी, मांडीवर फोन. उताराच्या वळणावर आमचा लंबू मधला फोन हातात घेऊन उभा. खाली सकाळ काय आणि दुपार काय, सारखीच. डोक्यावरच्या पाइपातून वरच्या लोकांचं पाणी खळखळत जातं. एखादी गाडी उतरली की तिचा उजेड भिंतीवरून सरकत येतो, माझ्या अंगावरून जातो आणि खांबामागे विझतो. मग पुन्हा पंपाची घरघर. आत्या, अशा जागी माणसाला जागं ठेवणं हा शुद्ध अन्याय आहे. रखवालदारानं पहिल्या दिवशी मला हटकलं, दुसऱ्या दिवशी ओळखलं आणि तिसऱ्या दिवशी पाठीला टेकायला पुठ्ठा आणून दिला. एका बाईंनी आपली गाडी कुठे लावली ते मला विचारलं म्हणे, मी झोपेतच बोट दाखवलं, आणि गाडी तिथेच निघाली. तेव्हापासून लोक येऊन विचारतात, आणि जागेपणी मला काही सांगता येत नाही.

फोन मात्र ढिम्म. आठवडा गेला तरी पडद्यावर 'शोधत आहे' एवढंच. लंबू वळणावरून ओरडायचा, आलं का? मी खालून ओरडायचो, नाही. म्हणजे निरोप व्यवस्थित पोचत होते, फक्त त्यात फोनचा हात नव्हता. मी म्हणायचो बिघाड लंबूच्या फोनात आहे, लंबू म्हणायचा माझ्या बसण्यात आहे.

अशा अर्धवट झोपेत मला घर फार आठवायला लागलं. आमच्या घरचा मधला फोन म्हणजे आई, हे तुला मी काय सांगू. बाबांची उभी हयात छापखान्यात गेली. त्या मशीनच्या धडधडीत बोलून उपयोग नसायचा, म्हणून सगळं हातवाऱ्यांवर, आणि तीच सवय घरी आली. बोटं जुळवून तोंडाकडे नेली की जेवलास का. तळहात पालथा केला की पुरे. लहानपणी मला ते अगदी सोयीचं होतं, पण घर सोडलं आणि पंचाईत झाली. फोनवर हातवारे दिसत नाहीत. बाबा फोन तापलेल्या पातेल्यासारखा धरतात आणि लगेच आईकडे देतात. मग आई सांगणार, बाबा विचारतायत खोकला गेला का, बाबा म्हणतायत स्वेटर घालत जा. आणि आई निरोप न उघडता देईल हे शक्य आहे का? ती तो उघडते, निवडते, वर चार शब्द आपले घालते आणि मग वाढते. बाबांच्या तोंडून 'स्वेटर' हा शब्द मी आयुष्यात ऐकलेला नाही. घरी गेलो तरी दार उघडणार आई, खबरबात विचारणार आई, आणि बाबा मागे खुर्चीत मान हलवणार. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल खरोखर काय विचारलं आणि तिनं पदरचं काय घातलं, याचा मला पत्ता नाही. काही विचारलंच नसेल, अशीही एक धास्ती असते, ती मी फार वेळ मनात राहू देत नाही.

त्यात आईचा घसा बसला आणि डॉक्टरांनी तिला बोलायची बंदी केली, हे तुला ठाऊकच आहे. आता मी फोन करतो तेव्हा ती तो उचलते आणि बोटानं टक करते. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. (रागावली की तीन करते, त्याचा अर्थ विचारायची सोय नाही.) नेमकं याच वेळी मला इथून फार लांबच्या, समुद्रापलीकडच्या शाखेत बोलावलं आहे, काही वर्षांसाठी. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. मी विचारलं, बाबांच्या कानावर घातलंस? टक. काय म्हणाले? यावर टक कशी करणार बिचारी. मग नुसतं घर ऐकू येत राहतं. पंखा, खुर्चीची करकर, वर्तमानपत्राची घडी, आणि जरा लांबून बाबांचं खाकरणं. मी ते डोळे मिटून ऐकत बसतो. फार बरं वाटतं, फोन ठेवूच नये असं वाटतं, पण उत्तर काही मिळत नाही. आत्या, तुला स्पष्ट सांगतो, मला त्यांचं मत हवं आहे आणि ते त्यांच्याच तोंडून हवं आहे. जाऊ नको म्हणाले तर जाणार नाही. पण काहीच न ऐकता एवढ्या लांब जायचं, हे माझ्यानं होणार नाही.

परवा खाली असाच डोळा लागला आणि स्वप्न पडलं. स्टुलावर बाबा बसले होते, अंगात छापखान्यातला तो निळा डगला, बोटांना शाई. वळणावर आई, ओठांवर बोट ठेवून. मी टॉवरच्या टोकावर, पाय खाली सोडून, आणि वारा मस्त सुटलेला. बाबा हातानं मला काहीतरी विचारत होते, पण एवढ्या उंचावरून नुसता हात हललेला दिसत होता. मी आईला विचारलं, काय म्हणतायत? तिनं टक केलं. आणखी विचारलं, आणखी टक. जागा झालो तर लंबू पेनानं स्टुलाच्या पायावर टकटक करत उभा. मी त्याला तसाच, डोळे न चोळता, म्हणालो की तुझा फोन उघड, त्यात पहिल्या नमस्काराची वाट कुणी भरलीच नसेल. उघडला तर खरंच ती जागा कोरी. मधल्या फोनचं काम बघणाऱ्या मंडळींचं म्हणणं, टॉवर सांगेल तसं भरू, आपण कशाला आधी शहाणपणा करा. म्हणजे माझा फोन आठवडाभर दाराशी नमस्कार घेऊन उभा, आणि मधला फोन दार उघडायच्या हुकमाची वाट बघत आत बसलेला. कोरी जागा भरली आणि माझा नमस्कार क्षणात वर पोचला. लंबूनं वळणावर नाच केला. रखवालदारानं पुठ्ठा परत मागितला.

असो. लिहिता लिहिता वाहवत गेलो. गुडघ्यांना जप, जिने चढू नकोस, काकांना उठवू नकोस. बाकी सर्व क्षेम.

तुझा भाचा,
पेंग्या

ता. क. दुसरं कारण राहिलंच. बाबा जगात ऐकतात ते एक तुझंच, थोरली बहीण म्हणून. या रविवारी घरी जाशील? (जिना आहे, मला माहीत आहे, पण कठड्याला धरून सावकाश चढ.) माझा नंबर लाव, फोन बाबांच्या हातात दे, आणि तू सरळ स्वयंपाकघरात निघून जा. काय बोलायचं ते त्यांना सांगू नकोस, आणि काय बोलले ते मागाहून मला सांगू नकोस. फक्त पहिला नमस्कार तेवढा पोचू दे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं. मघाशी घरून फोन आला. नेहमीसारखं मी विचारलं, आई, बरी आहेस ना? टक झालं नाही. नुसता श्वास, आणि मग खाकरणं, पण या वेळी अगदी कानाशी. जेवलास का, बाबांनी विचारलं. मी हो म्हणालो. बरं, म्हणाले. मी इकडे मान हलवत होतो, तेही तिकडे हलवत असणार. शेवटी म्हणाले, जा तू. तेवढ्यात मागून आवाज आला, चांगला खणखणीत, 'अहो, त्याला स्वेटरचं सांगा.' बाबा तिकडे वळून म्हणाले, तू गप्प बस, तुला बोलायची बंदी आहे. आणि मला म्हणाले, घराची एक किल्ली बरोबर घेऊन जा, आम्ही झोपलेले असलो तरी तुला आत येता आलं पाहिजे. आणि फोन ठेवला. मला रडू आलं, आणि मग छान झोप लागली, म्हणून हे उठून लिहितो आहे.

शेवटचा ता. क. तेव्हा रविवारी जिना चढू नकोस. आणि चढलीसच, तर आईला कळू देऊ नकोस की तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचला. डॉक्टरांची बंदी कधीच उठलेली दिसते. पण मला उद्या पुन्हा फोन करायचा आहे, तेव्हा तिचा घसा अजून थोडे दिवस बसलेलाच असू दे.