अडकलेलं चित्र

रविवार, १२ जानेवारी
सकाळ

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हेडमास्तरला चिरंजीव म्हटलेलं आवडणार नाही, पण तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी असल्याचा एवढाच फायदा आता माझ्याकडे उरलाय. इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातले डबे लावतात आणि मग कशात काय ठेवलंय ते मलाच विचारतात. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. गुरुवारी तासाला तू थोडा वाळलेला दिसलास. कॅमेऱ्याचा दोष असला तर बरं.

पत्र बघून चमकला असशील. फोन केला असता तर "वर्गावर आहे" म्हणाला असतास, आणि पडद्यावर बोलावं तर आपल्या दोघांमध्ये एकोणीस पोरं बसलेली.

सात महिने झाले. शिक्षण कार्यालयाने विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या शाळांची यादी काढली आणि पडद्यावरून शिकवायला माझ्या वाट्याला नेमकी तुझी शाळा आली. नको म्हणायला मला कारण सुचेना, तुलाही सुचलं नसावं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तू तिकडे यंत्र सुरू करतोस आणि विचारतोस, "आवाज येतोय का, मॅडम?" मी म्हणते, "येतोय." सख्ख्या बहीणभावाचं सात महिन्यांतलं बोलणं एवढंच. 'मॅडम' तू इतक्या अदबीने म्हणतोस की दर वेळी लागतं.

तास मात्र छान होतात, हे मान्य कर. शंका असलेलं पोर कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसतं, बुटकं असलं तर तू कॅमेरा खाली वळवतोस. मी इथे पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालते, तू तिथे घालतोस. तुझी मेणबत्ती माझ्याआधी विझते आणि पोरं टाळ्या पिटतात.

गुरुवारी मी विचारलं, पाण्यात बुडवलेली पेन्सिल वाकडी का दिसते? आणि तुमचं चित्र अडकलं. एकोणीस पोरं जागच्या जागी, कुणाचं तोंड अर्धवट उघडं, कुणाचा हात डोक्यात. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. आमच्या संगणकाच्या सरांना हाक मारली, बिचारे दोन जिने चढून धापा टाकत आले. त्यांनीच दाखवलं, तुमच्या वर्गाच्या मागच्या खिडकीचा पडदा हलतोय. आणि पोरांच्या मागे, खडू धरलेला हात वर करून, तूही पुतळा झालेला. पन्नाशीचा हेडमास्तर! लहानपणी अप्पांची चाहूल लागली की तू असाच भिंतीला चिकटून उभा राहायचास, हललो नाही तर त्यांना दिसणारच नाही अशा खात्रीने.

मी पोट धरून हसले. तूही हसलास, सरळ माझ्याकडे बघून. दीड वर्षात पहिल्यांदा.

मग ती तुमची चष्मेवाली स्टुलावर येऊन बसली. "मॅडम, रागवू नका हं. चित्र अडकलं ना, की अवघड प्रश्न आपोआप निघून जातो." अख्खा वर्ग खिदळला. मला मात्र कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तास दहा मिनिटं आधी संपवला आणि तुला गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा तेव्हा दुखत नव्हता.

आता लिहितेच. मघापासून तीनदा चहा करून झाला.

अप्पा गेले त्याच्या आदल्या दुपारी तू फोन लावून पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होतास. परीक्षेची ड्यूटी म्हणून मी आले नव्हते. तेही अर्धंच खरं, मागितली असती तर रजा मिळाली असती. मला त्यांना तसं बघवत नव्हतं. फोनवर त्यांचा चेहरा आला, गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, आणि मी माझा कॅमेरा बंद केला. माइकही बंद केला. तू त्यांना म्हणालास, "नेट गेलं असेल हो अप्पा, येईल ताई परत." नेट गेलं नव्हतं रे. मी बटण दाबलं होतं.

दोन दिवसांनी घरी आले तेव्हाही मी तुला नेट गेलं होतं असंच सांगितलं. तू नुसतं "हो" म्हणालास आणि भेटायला आलेल्यांच्या खुर्च्या उचलायला लागलास.

यंत्र आता तू रोज हाताळतोस. नेट गेलं की माणूस पडद्यावरून जातो, आणि कॅमेरा बंद केला तर काळ्या चौकोनात त्याचं नाव राहतं, हे तूच पोरांना समजावलेलं मी ऐकलंय. त्या दुपारी माझं नाव तिथेच होतं. तुला केव्हाचं कळलं असणार. म्हणून मी मॅडम. बरोबरच आहे तुझं.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तू खाली औषध आणायला गेलास तेव्हा मी फोन ठेवला नव्हता. अप्पा त्या काळ्या चौकोनाकडे बघत म्हणाले, "आहेस ना गं?" मी तोंडावर हात दाबून बसले होते. मग थांबत थांबत ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते: "धाकटा फार दमलाय. मी झोपलो असं समजतो, आणि पाय चेपत बसतो. जन्मभर त्याला ओरडलो मी, हे चुकलं, ते चुकलं. या तीन महिन्यांत त्याचं काही म्हणजे काही चुकलं नाही. माझ्या तोंडून त्याच्यासमोर नाही निघायचं. तू सांग त्याला."

तेवढ्यात जिन्यात तुझी पावलं वाजली. त्यांनी डोळे मिटून घेतले. तू पाणी पुढे केलंस, तर ग्लास नीट धरता येत नाही का म्हणून खेकसले तुझ्यावर.

हा निरोप दीड वर्ष माझ्याकडे पडून आहे. तो द्यायचा तर मी तिथे होते हे कबूल करावं लागलं असतं. गेल्या महिन्यात तास संपल्यावर तू माइक बंद करायला विसरलास. तुमच्या क्लार्कला सांगत होतास, "आमच्या वडिलांना माझं काही पटलंच नाही, अगदी शेवटपर्यंत." ते ऐकूनही मी मूग गिळून बसले. माझी लाज झाकायला तुझ्या वाट्याचे अप्पांचे शब्द मी दाबून ठेवले. याहून वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

'माफ कर' असं लिहून खोडलं. ते मागायचं तर समोर यायला हवं. शनिवारी पोरांचं विज्ञान प्रदर्शन आहे, 'माननीय मॅडम' असं तुझ्या सहीचं आमंत्रण आलंय. मी येणार आहे. तुला बोलायचं नसेल तर मागच्या बाकावर बसेन, पोरांची उपकरणं बघेन आणि संध्याकाळच्या बसने परत जाईन.

त्याआधी गुरुवारचा तास आहेच. तोवर पत्र पोचलं असेल. वाटलं तर पोरांना दहा मिनिटं बाहेर पाठव आणि तोंडाला येईल ते बोल. मी हलणार नाही, आणि बटणाला हात लावणार नाही.

कॅमेरा सुरू ठेवून बसलेली,
तुझी ताई