आज पाणी कसं आहे?

सोमवार, ६ ऑक्टोबर

लाट गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. वारा जमिनीकडून, मंद. भरती सव्वानऊला. नवख्यांसाठी चांगलं.

हे सगळं पायऱ्यांजवळच्या फळ्यावर लिहिलं, तेच फोन करणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून फोनच्या यंत्रात बोलून ठेवलं. फळ्यावर ‘लाट’चं ‘लाड’ झालं होतं. पाणकोंबड्याने सगळ्या शिकाऊ मंडळींसमोर मोठ्याने वाचलं – “आज लाड कमरेपर्यंत!” हे आमच्या शिकवणाऱ्याचं टोपणनाव. दिवसभर पाण्यात असतो, जमिनीवर आला की नुसती चेष्टा करतो.

मामा म्हणाला, “पहिला दिवस आहे, चालायचंच. पण पाण्याबद्दल चुकू नकोस.” शाळा मामाची, लाटांवर उभं राहायला शिकवण्याची. लाटांवरच्या फळ्या, पाण्यात घालायचे सूट, कपाट, सगळं त्याचं. माझं काम पहाटे उठून समुद्र बघायचा आणि कसा आहे ते लोकांना सांगायचं. बँकेत चौदा वर्षं मान मोडून काम केल्यावर हे बरं वाटतंय.

बुधवार, ८

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन. निरोप बोलून ठेवतच होते, म्हणून उचलला. म्हातारा माणूस, फार नम्र.

“ताई, आज पाणी कसं आहे? नवख्याला चालेल?”

म्हटलं, वारा दहानंतर फिरेल, आज नको. तो म्हणाला, “बरं झालं विचारलं. मग आज नाही पाठवत तिला.” सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फोन ठेवला.

गुरुवार, ९

परत तोच. सहा वीस. आज पाणी तसं ठीक होतं, पण दक्षिणेकडच्या खडकांपाशी ओढ दिसत होती. तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी गप्प असतं. नवख्याला वाटतं, हीच जागा बरी. आणि तिथूनच पाणी बाहेर खेचून नेतं. मी त्याला हे सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “हो. गप्प असतं तिथे.”

शनिवार, ११

फोन आलाच. फोनमध्ये त्याच्या मागे कोणीतरी फळीला मेण घासत होतं, पाय घसरू नये म्हणून घासतात तसं. तो खर-खर आवाज आता मी झोपेतही ओळखेन. मी “आज नको” म्हटलं तसं घासणं थांबलं.

मामाला सांगितलं. त्याच्या हातातला कप टेकायच्या आधीच कलंडला.

“अजून करतो तो?”

मग त्याने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्या माणसाने असाच फोन करून विचारलं होतं. माझ्या आधी हे काम मास्तर करायचे. ते म्हणाले, उत्तम आहे. आणि खरंच उत्तम होतं! अकराला वारा फिरला, ओढ सरकली. मुलगी बावीस वर्षांची, दुसराच धडा. फळी सापडली, ती नाही. चाळीस दिवस शोधलं.

“वेड लागलंय बिचाऱ्याला,” मामा म्हणाला. “पण वेड्याच्या हो ला हो करू नये. पाणी जसं आहे तसंच सांग.”

मी हो म्हटलं. पण मग ते मेण कोण घासत होतं?

रविवार, १२

लाट गुडघाभर. वारा नाही. मी त्याला “नको” म्हटलं. ‘हो’ म्हणायचा धीरच झाला नाही.

सोमवार, १३

औषधाच्या दुकानात मास्तर भेटले. त्यांना मी कोण ते आधीच माहीत होतं. गुडघ्याची पट्टी बदलून घेत होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, “सहा वीस?”

“हो.”

“नको म्हणायचं. रोज. फार बोलायचं नाही. मी जवळजवळ तीन वर्षं म्हटलं.”

“मग सोडलंत का?”

“एक दिवस ताप होता, आवाज बसलेला. त्याला ऐकूच गेलं नाही. तर फोनमध्ये त्याच्या मागून दुसरंच कोणी तरी बोललं. ‘बाबा, ते हो म्हणतायत.’ असं.” पट्टी पिशवीत टाकली. “मी ताप असताना पळत किनाऱ्यावर गेलो. कोणी नव्हतं. त्या दिवशी राजीनामा दिला.”

दुकानदार आमच्याकडे बघत होता. मास्तरांनी मला सुट्टे मोजायला लावले, जसं काही झालंच नाही.

बुधवार, १५

मामा आणि मी त्याच्या घरी गेलो. मामाचाच आग्रह. “समोरासमोर बोललं की प्रश्न मिटतात.” मामाचे सगळे प्रश्न असेच मिटतात, म्हणजे मिटत नाहीत.

दुसरा मजला, स्वच्छ घर. दिवाणावर इस्त्री केलेली चादर. दारामागे फळी उभी, निळी, कडेला टवका. शोधात सापडली ती हीच, मामाने ओळखली. मी नकळत हात लावला. ओली होती. खाली फरशीवर पाण्याचा ओघळ, आणि वाळू. दिवसभर किनाऱ्यावर राहूनही माझ्या पायांना इतकी वाळू लागत नाही.

“बसा ना,” तो म्हणाला. “ती आत्ताच अंघोळीला गेली.”

आत नळ चालू होता.

मामाने घसा खाकरला. “काका, तुम्हाला माहीत आहे ना, ती…”

“माहीत आहे हो,” तो म्हणाला, अगदी सरळ. “मला काही कळत नाही असं समजू नका. ती गेली हे मला माहीत आहे. पण ती रोज तयार होऊन उभी राहते, तिला मी काय सांगू? तुम्ही नको म्हणता तेव्हा ती थांबते. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते.”

मी विचारलं, “आणि हो म्हटलं तर?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल नव्हते, रडका नव्हता. दमलेला होता फक्त, आजारी माणसाची रात्रंदिवस सेवा करणारे दमतात तसा.

“मग एकटी कशी जाऊ देऊ? तेव्हाही मी इथेच बसून राहिलो होतो.”

नळ बंद झाला. मामा चपला न घालताच जिना उतरला. मीच त्या नंतर खाली घेऊन आले.

गुरुवार, १६

“नको.”

तो: “बरं.”

मामा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, त्या नळात काही विशेष नव्हतं, वरच्या टाकीचा आवाज असेल. मी म्हटलं, असेल. पण मग चपला का विसरलास? “तू फार प्रश्न विचारतेस.”

शुक्रवार, १७

असा समुद्र मी आयुष्यात पाहिला नाही. एकसारख्या, कमरेपर्यंतच्या लाटा, दोन लाटांमध्ये अकरा सेकंद. वारा जमिनीकडून, नुसती झुळूक. ओढ नाही, दक्षिणेलाही नाही. पाणकोंबडा ओरडला, “असा दिवस वर्षातून एकदा!” मामा स्वतः फळ्या उतरवायला धावला. पहिल्यांदाच सगळेच्या सगळे शिकाऊ उभे राहिले. एक साठीच्या बाई तर रडल्या, आनंदाने.

सहा वीसला फोन आला होता तेव्हा मी हेच पाणी खिडकीतून बघत होते.

“ताई, आज पाणी कसं आहे?”

मला ‘नको’ म्हणायचं होतं. पण एवढ्या सुंदर पाण्याबद्दल खोटं! रोज रोज! आणि मला वाटलं, त्याचंही हे संपलं पाहिजे कधीतरी. दमलेला माणूस.

“चांगलं आहे, काका,” मी म्हटलं. “फार चांगलं आहे. पण तुम्ही येऊ नका. ऐकताय ना? तुम्ही घरीच थांबा, मी तुमच्याकडे येते.”

तो म्हणाला, किती हलक्या आवाजात! “थँक यू हं, ताई.”

मी सायकल काढून तशीच गेले. दार उघडं. चादर इस्त्रीची. दारामागे फळी नव्हती. परत किनाऱ्यावर आले, मामाला सांगितलं. पाणकोंबड्याने सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं, दोनदा मोजलं, खडकांपर्यंत पोहून आला. पोलिसांनाही कळवलं. त्याला वाळूवर उतरताना कोणीच पाहिलं नाही. अंधार पडेपर्यंत मी हाका मारत होते. नाव कधी विचारलंच नव्हतं, म्हणून “काका, काका.”

मामाने खांद्यावर हात ठेवला. “तू खरं तेच सांगितलंस.”

तेच तर.

शनिवार, १८

सहा वीस. फोन. तरुण मुलीचा आवाज, हसरा, जरा धाप लागलेला.

“ताई, आता रोज विचारणार नाही हं. बाबा आलेत इकडे. पाणी छान आहे.”

तिच्या मागे लाटा फुटत होत्या, एकामागून एक. मी खिडकीतून पाहिलं. समुद्र तळ्यासारखा सपाट होता.